अवस्था रोगाची आणि व्यवस्थेची

गर्भाशयमुखाचा कर्करोग कोणत्या अवस्थेत आहे हे प्रथिनांवरून ओळखता येईल, अशा आशयाची वृत्ते अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. कधी तीन प्रथिनांचा संच सापडलेला असतो, कधी सात प्रथिनांचा. संशोधन कधी चीनमधले असते, कधी युरोपातले, तर कधी एखाद्या भारतीय प्रयोगशाळेतले. ही चाचणी लवकरच रुग्णांना उपलब्ध होईल, असे आश्वासन देऊन वृत्त संपते आणि त्या प्रथिनांचे पुढे काय झाले हे वाचकाला सहसा कळत नाही. तथापि कौतुकाने वाचून पान उलटावे इतका हा विषय किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ या वर्षासाठी केलेल्या अंदाजानुसार जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि साडेतीन लाख स्त्रिया त्याने मरण पावल्या. त्यांपैकी १ लाख २७ हजार रुग्ण आणि जवळजवळ ८० हजार मृत्यू एकट्या भारतातले होते. म्हणजे रुग्णांत भारताचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास, तर मृत्यूंत त्याहूनही अधिक. या दोन आकड्यांमधील तफावतीचे एक मोठे कारण ‘अवस्था’ या शब्दात दडलेले आहे. भारतीय स्त्री रुग्णालयात पोहोचते तेव्हा रोग बहुधा पुष्कळ पुढे गेलेला असतो.

कर्करोगाची अवस्था म्हणजे रोगाने शरीरात किती प्रदेश व्यापला आहे याचे मोजमाप होय. गाठ गर्भाशयमुखापुरती असेल तर पहिली. गर्भाशयाची हद्द ओलांडून ती शेजारच्या भागात गेली, परंतु ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचली नाही, तर दुसरी. भिंतीला भिडली, योनिमार्गाच्या खालच्या भागात उतरली किंवा मूत्रवाहिनी दाबून मूत्रपिंड निकामी करू लागली तर तिसरी. आणि मूत्राशय, गुदाशय किंवा त्याहून दूरच्या अवयवांत शिरली तर चौथी. हे वर्गीकरण जुने आहे. रेडियमच्या उपचारांनी निरनिराळ्या देशांतील रुग्णालयांत काय साध्य होत आहे याची तुलना करता यावी, म्हणून राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेने १९२९ साली त्याचे पहिले नियम प्रसिद्ध केले. पुढे ते काम स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे, म्हणजे ‘फिगो’कडे आले.

या नियमांत एक विशेष होता. बहुतेक कर्करोगांच्या बाबतीत शस्त्रक्रिया, सूक्ष्मदर्शक आणि नव्या प्रतिमायंत्रांच्या आधारे अवस्था ठरवण्याची पद्धत रूढ होत गेली, तेव्हाही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची अवस्था मुख्यतः डॉक्टरांच्या बोटांनीच ठरत असे. हाताने केलेली तपासणी, छातीचा आणि मूत्रमार्गाचा क्ष-किरण, आवश्यक तर मूत्राशयात व गुदाशयात दुर्बीण घालून पाहणे, इतक्यावरच निर्णय व्हावा असा दंडक होता. त्यामागे केवळ जुनेपणाचा आग्रह नव्हता. या रोगाच्या बहुसंख्य रुग्ण स्त्रिया गरीब देशांत आहेत आणि लंडनमध्ये जे मोजमाप चालते तेच सोलापुरातही चालले पाहिजे, या तत्त्वासाठी अचूकतेचा काही अंश जाणूनबुजून सोडून दिलेला होता. मात्र त्या तत्त्वाची किंमतही होती. लसिका ग्रंथींत रोग शिरला आहे की नाही हे बोटांना कळत नाही. पहिल्या अवस्थेतील म्हणून जिच्यावर शस्त्रक्रिया करावी, तिच्या ग्रंथी रोगग्रस्त निघाव्यात आणि मग तिला किरणोपचारही द्यावे लागावेत, असा प्रकार वारंवार घडत असे. एका स्त्रीला दोन उपचारांचे दुष्परिणाम सोसावे लागत, ते एका चुकीच्या अंदाजापायी.

२०१८ साली फिगोने हे नियम बदलले. ज्या समितीने हा बदल केला तिचे नेतृत्व दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. नीरजा भाटला यांच्याकडे होते, ही गोष्ट फारशा वाचकांना ठाऊक नसेल. नव्या नियमांनुसार जेथे सोनोग्राफी, सीटी, एमआरआय किंवा पेट तपासणी उपलब्ध असेल तेथे तिचा आधार घेता येतो. सूक्ष्मदर्शकाखालील निष्कर्षही गृहीत धरता येतात. आणि लसिका ग्रंथींत रोग आढळला तर रुग्ण थेट तिसऱ्या अवस्थेत धरली जाते. जेथे ही साधने नाहीत तेथे जुन्या पद्धतीने अवस्था ठरवण्याची मुभाही ठेवलेली आहे. तडजोड शहाणपणाची आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की, एकच स्त्री जिल्हा रुग्णालयात पहिल्या अवस्थेत आणि मुंबईत तिसऱ्या अवस्थेत गणली जाऊ शकते. महागड्या यंत्राच्या जागी रक्ताची साधी चाचणी हा भेद मिटवू शकली तर तिचे मोल मोठे ठरेल, हे उघड आहे. प्रथिनांच्या संशोधनामागची प्रेरणा येथे आहे आणि ती योग्यच आहे.

प्रथिनांकडेच का वळायचे, हे समजण्यासाठी या रोगाचे मूळ पाहिले पाहिजे. हा कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ साली या विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार रोगग्रस्त पेशींत दाखवून दिले. त्यांना त्यासाठी २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील सुमारे ७० टक्के रुग्णांत हे दोनच प्रकार आढळतात. विषाणूचा संसर्ग ही लैंगिक जीवनातील अत्यंत सामान्य घटना असून बहुसंख्य स्त्रियांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काहींच्या बाबतीत मात्र तो टिकून राहतो. मग त्याची दोन प्रथिने, ई-६ आणि ई-७, पेशींचा कारभार बिघडवू लागतात. बिघडलेल्या पेशीला मरण पत्करायला लावणारे पी-५३ हे प्रथिन ई-६ नष्ट करते. पेशींच्या विभाजनाला आवर घालणारे आरबी हे प्रथिन ई-७ निकामी करते. एक लगाम असा तुटला की पेशी दुसरा लगाम खेचू लागते. पी-१६ नावाचे प्रथिन ती भरमसाट निर्माण करते, पण तुटलेल्या लगामापुढे त्याचा उपयोग होत नाही. पेशीत साचलेले हे पी-१६ सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहता येते. हे सारे घडून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत साधारणतः १५ ते २० वर्षे जातात. इतकी दीर्घ मुदत देणारे कर्करोग फार थोडे आहेत.

शरीरातील अशा खुणांना शास्त्रज्ञ बायोमार्कर म्हणतात. मराठीत त्यांना जैवसूचक म्हणता येईल. या कर्करोगाच्या रक्तातील सूचकांत सर्वांत जुने आणि आजही वापरात असलेले प्रथिन म्हणजे एससीसी अँटिजेन. जपानी शास्त्रज्ञ काटो आणि तोरिगोए यांनी १९७७ साली ते गर्भाशयमुखाच्या गाठीतून वेगळे काढले. गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्याचा कसून अभ्यास झाला आहे. गाठ जितकी मोठी आणि रोग जितका पुढे गेलेला, तितके या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण सरासरीने अधिक, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे. ग्रंथींत रोग शिरला असेल तर ते वाढते. उपचार लागू पडले तर उतरते. आणि रोग उलटला तर पुष्कळदा लक्षणे दिसण्याच्या काही महिने आधी पुन्हा चढू लागते. उपचारानंतरच्या देखरेखीसाठी ते म्हणूनच उपयोगी ठरले.

परंतु ‘सरासरीने’ या शब्दावर येथे थांबावे लागते. शंभर रुग्णांची सरासरी काढली की दुसरी आणि तिसरी अवस्था वेगळी दिसते; मात्र डॉक्टरांपुढे बसलेली असते ती एक स्त्री. पहिल्या अवस्थेतील अनेक स्त्रियांच्या रक्तात हे प्रथिन वाढलेले नसते. उलट सोरायसिस, इसब किंवा मूत्रपिंडाचे विकार असलेल्या, कर्करोग मुळीच नसलेल्या व्यक्तींच्या रक्तात ते वाढलेले सापडते. नमुना हाताळणाऱ्याच्या त्वचेचा किंवा लाळेचा अंश त्यात मिसळला तरी आकडा चढतो. शिवाय गर्भाशयमुखाच्या ग्रंथिल पेशींत उद्भवणाऱ्या कर्करोगात त्याचा विशेष उपयोग नाही. सायफ्रा २१-१, सीए-१२५ अशा अन्य सूचकांच्याही कमीअधिक फरकाने अशाच मर्यादा आहेत. अर्धशतकाच्या अभ्यासानंतर फिगोने २०१८ साली नियम बदलले तेव्हा प्रतिमायंत्रांना स्थान दिले, सूक्ष्मदर्शकाला दिले; रक्तातील एकाही प्रथिनाला अवस्था ठरवण्याच्या नियमांत स्थान दिले नाही. नव्या ‘सात प्रथिनांच्या संचा’ची बातमी वाचताना एवढे तरी ध्यानात ठेवावयास हरकत नाही.

याचे कारण संशोधकांच्या कुवतीत शोधणे अन्यायाचे होईल. ते दोन मोजमापांच्या स्वरूपात आहे. अवस्था हा प्रदेशाचा हिशेब आहे. रोग कोठवर पोहोचला एवढेच ती सांगते. प्रथिने रोगाचा स्वभाव आणि त्याचे एकूण वजन सांगतात. छोटी पण उग्र गाठ जितके प्रथिन रक्तात सोडील तितके मोठी पण मंद गाठ सोडणार नाही. तेव्हा एकाच्या मापाने दुसऱ्याची लांबी मोजण्याचा हा प्रयत्न काही मर्यादेपलीकडे यशस्वी होणे कठीण आहे. त्यात अभ्यासाची रचना बहुधा अशी असते की, एका बाजूस तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्ण आणि दुसऱ्या बाजूस निरोगी स्त्रिया घेतल्या जातात. त्यांच्यातील फरक सापडणे सोपे असते. तो पुष्कळदा साध्या डोळ्यांनाही दिसतो. शस्त्रक्रिया करावी की किरणोपचार द्यावेत, हा ज्या सीमेवरचा प्रश्न, म्हणजे पहिल्या अवस्थेची अखेर आणि दुसरीचा प्रारंभ, तेथे हे संच अडखळतात.

या क्षेत्रात पूर्वी एक मोठी फजिती होऊन गेली आहे. ती गर्भाशयमुखाच्या नव्हे, बीजकोशाच्या कर्करोगासंबंधी होती. २००२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अमेरिकी शास्त्रज्ञांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. रक्तातील प्रथिनांचा आलेख यंत्रावर काढून ५० पैकी ५० रुग्ण ओळखले आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३ स्त्रिया बरोबर वगळल्या, असा त्यांचा दावा होता. केवढी खळबळ उडाली! चाचणी बाजारात आणण्याची सिद्धताही झाली. पुढे टेक्सासमधील संख्याशास्त्रज्ञांनी या प्रयोगमालेतील उपलब्ध आकडे पुन्हा तपासले, तेव्हा दिसणारा फरक रोगापेक्षा नमुने हाताळण्याच्या आणि यंत्र चालवण्याच्या पद्धतीतून आलेला असावा, असे त्यांना आढळले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली हरकत घेतली आणि ती चाचणी बाजारात आली नाही. तेथे हे घडू शकले, कारण आकडे तपासू देण्याची प्रथा होती आणि हरकत घेणारे प्रशासन जागे होते.

समजा, रोग असलेली एकही स्त्री न सोडणारी आणि निरोगी स्त्रियांना शंभरात ९५ वेळा बरोबर वगळणारी चाचणी निघाली. कानाला हे उत्तमच वाटते. एक लाख स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतल्या १०० जणींना रोग असला, तर त्या शंभरही सापडतील. परंतु त्यांच्याबरोबर सुमारे ५ हजार निरोगी स्त्रियांनाही ‘तुम्हांला कर्करोग असू शकतो’ असे सांगितले जाईल. भयभीत झालेल्या दर ५१ स्त्रियांत ५० जणी विनाकारण भयभीत झालेल्या असतील. हे शाळेतले त्रैराशिक आहे, पण ते सुटले नाही तर काय होते याचे प्रात्यक्षिक महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांपैकी कित्येकींनी एकच हकिकत सांगितली होती: अंगावरून पांढरे जाते किंवा ओटीपोटात दुखते म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल असे त्यांना सांगण्यात आले. कर्करोगाची भीती विकली जाऊ शकते, आणि पाळी किंवा दुखण्यापायी कामावर खाडा झाला तर उचलीतून दंड कापला जाणाऱ्या स्त्रीला ती लवकर विकली जाते. अशा प्रदेशात सोरायसिसमुळेही चढणारा रक्ताचा आकडा छापील कागदावर तिच्या हाती पडला तर त्याचे काय होईल, हे सांगण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाही. प्रयोगशाळेत ज्याला चाचणीची विशिष्टता म्हणतात ती ऊसतोडणीच्या फडावर एका अवयवाच्या किमतीची गोष्ट होते.

मग प्रथिनांचा नाद सोडून द्यावा काय? तसे मुळीच नाही. प्रश्न त्यांना कोठे कामाला लावायचे याचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जाण्याचे कारण नाही. बीडच्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक प्रयोग सुरू झाला. फ्रान्समधील ल्यों येथील कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी तो केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचे गावांच्या ५२ समूहांनुसार चार गट पाडण्यात आले. एका गटाची विषाणूसाठी, दुसऱ्याची पॅप पद्धतीने पेशींची, तिसऱ्याची पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावून नजरेने, अशी प्रत्येकी एकदाच तपासणी झाली. चौथ्या गटाची तपासणी करण्यात आली नाही. त्याला नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडले गेले. आठ वर्षांचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी जगाचे धोरण बदलले.

त्या निष्कर्षांतील दोन आकड्यांच्या जोड्या शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. विषाणूची चाचणी झालेल्या गटात कर्करोगाच्या रुग्ण १२७ निघाल्या आणि तपासणी न झालेल्या गटात ११८. म्हणजे रोगाचे प्रमाण वरकरणी कमी झालेच नाही. परंतु दुसऱ्या किंवा त्यापुढच्या अवस्थेतील रुग्ण पाहिल्या तर पहिल्या गटात ३९, शेवटच्या गटात ८२. आणि मृत्यू अनुक्रमे ३४ व ६४. दोन्ही गटांची संख्या जवळपास सारखी होती. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. अवस्था कशी बदलते, याचे याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही. ती अधिक अचूक मोजून बदलली नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी दारी जाऊन एक प्रश्न विचारल्याने बदलली.

त्याच्याही आधीचा बार्शीचा अनुभव तर याहून साधा आहे. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांसाठी १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. रुग्ण स्वतःहून येत नाहीत म्हणून कार्यकर्ते गावोगावी गेले, लक्षणे समजावून सांगितली, संशयितांना रुग्णालयात आणले. हेतू केवळ नोंदी पूर्ण व्हाव्यात हा होता. पण १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, एवढ्यानेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण पूर्वीपेक्षा अलीकडच्या अवस्थेत येऊ लागल्या होत्या. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने केलेला दुसरा प्रयोगही या संदर्भात आठवावा लागेल. अल्प शिक्षण झालेल्या, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी पातळ आम्ल लावून तपासणी केली. बारा वर्षांत या रोगाच्या मृत्यूंत ३१ टक्के घट झाली. धाराशिवमध्ये एकदाच वापरून निरुपयोगी ठरलेली पद्धत मुंबईत पुनःपुन्हा वापरल्यावर उपयोगी ठरली, यात अर्थ आहे.

या साऱ्याला एक काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. धाराशिवमधील ज्या ३१ हजार स्त्रियांची तपासणी केली नाही, त्यांच्यातल्या ६४ जणींच्या मृत्यूमुळेच तुलना शक्य झाली. धोका ठाऊक असताना तपासणी न होणारा गट ठेवणे नैतिक होते काय, हा वाद पुढे वैद्यकीय नीतीच्या नियतकालिकांतून झाला. त्या काळी या स्त्रियांना एरवीही कोणती तपासणी मिळत नव्हती, असे उत्तर देण्यात आले. उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे, आणि म्हणूनच ते अधिक अस्वस्थ करणारे आहे. या रोगाचे ज्ञान पहिल्यापासून गरीब स्त्रियांच्या देहांतून मिळत आले. बाल्टिमोर येथे १९५१ साली याच रोगाने मरण पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. त्या पेशींतच १८ क्रमांकाचा विषाणू सापडला आणि ई-६, ई-७ यांचे पुष्कळसे ज्ञान त्यांच्यावरील प्रयोगांतून मिळाले. तिच्या वारसांशी एका कंपनीने तडजोड केली ती २०२३ साली, म्हणजे ७२ वर्षांनी.

भारतीय स्त्रियांना त्यांच्या वाट्याचे काय परत मिळाले? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ३० ते ४९ वर्षे वयाच्या ज्या स्त्रियांची या रोगासाठी एकदा तरी तपासणी झाली होती त्यांचे प्रमाण शंभरात दोनही भरले नाही. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी तर दर पाच वर्षांनी तपासणीची शिफारस केलेली होती. ज्या जिल्ह्यातील स्त्रियांच्या सहभागाने विषाणूची चाचणी श्रेष्ठ ठरली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तिचाच पुरस्कार केला, त्या स्त्रियांच्या देशाची ही स्थिती होती. लसीच्या आघाडीवर चित्र थोडे बरे आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ च्या प्रारंभी आली आणि २०२४ च्या हंगामी अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याची घोषणा झाली. मात्र लस आजच्या मुलींसाठी आहे. चाळिशीतल्या त्यांच्या आयांना तिचा उपयोग नाही.

या आयांच्या बाबतीतच प्रथिने खरे काम करू शकतात. विषाणूची चाचणी करणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. क्षयरोगासाठी खेडोपाडी पोहोचलेले गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट यंत्र त्यासाठीही वापरता येते. नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते. अडचण पुढची आहे. धाराशिवमध्ये चाचणी झालेल्या दहा स्त्रियांत साधारण एकीच्या शरीरात विषाणू आढळला होता, आणि तशा बहुतेकींचा संसर्ग आपोआप जाणारा असतो. कोणाचा जाणार नाही, हे विषाणूची चाचणी सांगत नाही. पेशीतले पी-१६ पुष्कळ अंशी सांगते. त्याच्या जोडीला पेशींच्या विभाजनाची खूण असलेले केआय-६७ हे प्रथिन रंगवून पाहण्याच्या चाचणीला अमेरिकेने २०२० साली मान्यता दिली. विषाणूच्या ई-६ प्रथिनाचा साध्या पट्टीवर शोध घेण्याचे प्रयोगही झाले आहेत. पंधरा वर्षांच्या मुदतीत कोणाला उपचार द्यायचे आणि कोणाला निर्धास्तपणे घरी पाठवायचे, हा निवाडा करणारी चाचणी तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतील फरक सांगणाऱ्या चाचणीपेक्षा शतपटीने मोलाची आहे. ती जर यंत्रावाचून आणि तज्ज्ञावाचून करता आली, तर कर्करोगपूर्व पेशी उष्णतेने नष्ट करण्याचा उपचारही त्याच भेटीत देता येतो.

रोग पुढे गेल्यावर काय करता येते याचेही उत्तर मुंबईतच मिळाले आहे. तिसऱ्या अवस्थेतील ८५० स्त्रियांवर टाटा रुग्णालयात झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी पाच वर्षांनंतर शंभरात ४६ जणी जिवंत होत्या. त्यांच्या जोडीला दर आठवड्यास सिस्प्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध मिळालेल्यांपैकी ५४. शंभरामागे आठ जीव वाचले, तेही नव्या सूचकाविना. आता पीडी-एल१ या प्रथिनाचे प्रमाण पाहून द्यावयाची नवी औषधे आली आहेत, त्यांचा लाभही सिद्ध झाला आहे. पण त्यांचा खर्च लाखांत मोजावा लागतो आणि पुष्कळ जिल्ह्यांत किरणोपचाराचे यंत्रच नाही. रोगाची अवस्था अचूक सांगून, उपचारासाठी चारशे किलोमीटर दूर जा म्हणून चिठ्ठी देणे, हे अनेक रुग्णांच्या बाबतीत न सांगण्यासारखेच ठरते.

म्हणून सरकारी निधीतून चालणाऱ्या सूचकांच्या संशोधनाला काही अटी घातल्या पाहिजेत. एका रुग्णालयातील साठ-सत्तर नमुन्यांवर नवा संच जाहीर करण्यापेक्षा बार्शी आणि धाराशिवसारख्या, वर्षानुवर्षे नोंदी ठेवलेल्या लोकसमूहांत आधीचे संच पारखून घ्यावेत. आकडे इतरांना तपासण्यास खुले असावेत. नमुना देणाऱ्या स्त्रीला त्याचे काय होणार हे मराठीत, तिला समजेल अशा शब्दांत सांगितलेले असावे आणि त्यातून निघणारी चाचणी तिच्या उपकेंद्रावर मोफत मिळेल अशी हमी करारातच असावी. रक्तातील सूचकांचे आकडे कर्करोगाचे निदान म्हणून दाखवून शस्त्रक्रिया करणाऱ्यांवर कारवाईची तरतूद याच्या जोडीला हवी. बीडनंतर तिची आवश्यकता पटवून देण्याचे कारण नसावे. भूम तालुक्यातील एखादी स्त्री विषाणूच्या चाचणीसाठी एक दिवसाचा रोजगार बुडवून येईल. पुढच्या तपासणीसाठी तिला बार्शीला किंवा सोलापूरला पुन्हा बोलावले तर ती येईलच याची खात्री नाही. निवाडा आणि उपचार त्याच दिवशी करू शकेल अशा चाचणीवर संशोधनाच्या निधीतला किती भाग खर्च होतो, आणि अवस्थांच्या नव्या संचांवर किती, हे दोन आकडे शासनाने दरवर्षी विधिमंडळापुढे आणि संसदेपुढे ठेवावेत.